सवलतीची चिठ्ठीही ब्रँडच्याच नावाने बोलते

प्रश्न : घरगुती स्वच्छतेची उत्पादने बनवणाऱ्या एका कंपनीत मी आठ महिन्यांपूर्वी साहाय्यक ब्रँड मॅनेजर म्हणून रुजू झाले. माझ्याकडे लिक्विड डिटर्जंटचा एक ब्रँड आहे. ‘आवडते कपडे अधिक काळ नवे राहतात’ हा त्याचा दावा आहे. टीव्हीचे काम पाहणारी एजन्सी भावनिक जाहिरातपट करते, डिजिटल एजन्सी डागांवर विनोदी रील्स करते आणि विक्री विभाग वर्षातले आठ-नऊ महिने ‘एकावर एक मोफत’ चालवतो. विभागप्रमुखांनी ‘आता सगळे इंटिग्रेटेड करा’ असे सांगून माझ्याकडे सहा आठवड्यांत टिपण मागितले. सर्वत्र एकच रंग, एकच लोगो आणि एकच घोषवाक्य वापरावे असा प्रस्ताव मी दिला, तर याला एकात्मिक म्हणत नाहीत, असे ते म्हणाले. विक्री विभागाने तर घोषवाक्य ऑफरच्या स्टिकरवर मावत नाही म्हणून ते परतच पाठवले. मग एकात्मिक विपणन संवाद म्हणजे नेमके काय? मोठे ब्रँड तो कसा साधतात? पैसे कसे वाटायचे? आणि माझ्यासारख्या कनिष्ठ व्यक्तीने यात कोणाला काय सांगायचे? (नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यातले सर्वांत उपयोगी वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे, ते म्हणजे घोषवाक्य स्टिकरवर मावत नाही हे. अक्षरे बारीक केली तर ते मावेलही. पण जे द्रावण आवडत्या कपड्यांची काळजी घेण्याचे आश्वासन देते, त्याची दुसरी बाटली वर्षातले आठ-नऊ महिने फुकट मिळत असेल, तर आश्वासन आणि ऑफर या दोन गोष्टी एकाच बाटलीवर खरोखरच मावत नाहीत. विक्री विभागाने नकळत नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. तुमच्या प्रस्तावात ते दुखणे कोठेच नव्हते, आणि विभागप्रमुखांना बहुधा तेच खटकले असावे.

रंग, लोगो आणि घोषवाक्य यांत सारखेपणा हवाच, याविषयी दुमत नाही. ग्राहक जाहिरातीकडे अर्धवट लक्ष देऊन पाहतो आणि ती कोणाची होती हे त्याला अशा खुणांवरूनच आठवते. परंतु हा सारखेपणा गणवेशासारखा असतो. तो घातलेली माणसे एकाच कामाला निघाली आहेत की नाहीत, हे त्यावरून कळत नाही.

‘एकात्मिक विपणन संवाद’ ही संज्ञा कोठून आली ते थोडक्यात सांगतो, कारण आजच्या गोंधळाचे मूळ तिच्या जन्मकथेतच आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्यांचा पैसा जाहिरातींकडून कूपन, सवलती आणि दुकानदारांसाठीच्या योजनांकडे सरकू लागला होता, केबल वाहिन्यांमुळे प्रेक्षक विखुरत चालला होता आणि त्याच सुमारास जाहिरात एजन्सी मोठमोठ्या समूहांत सामावल्या जात होत्या. डब्ल्यूपीपी या ब्रिटिश समूहाने १९८७ मध्ये जे. वॉल्टर थॉम्पसन आणि १९८९ मध्ये ओगिल्व्ही ताब्यात घेतली, ती याच काळात. १९८९ मध्येच अमेरिकन असोसिएशन ऑफ ॲडव्हर्टायझिंग एजन्सीज या संघटनेने एकात्मिक विपणन संवादाची व्याख्या केली. जाहिरात, थेट विपणन, विक्रीवृद्धी योजना आणि जनसंपर्क यांपैकी प्रत्येकाची व्यूहात्मक भूमिका तपासावी आणि त्यांची अशी सांगड घालावी की संवाद स्पष्ट, सुसंगत आणि अधिकाधिक परिणामकारक होईल, असा तिचा आशय होता. सगळ्या सेवा एकाच समूहाकडून घ्या, असे कंपन्यांना सांगणे एजन्सींच्या सोयीचे होते, हे लपवण्याचे कारण नाही. या कल्पनेचा एक पाय विद्यापीठात होता, तसा दुसरा एजन्सींच्या धंद्यात होता. पुढे व्याख्येतला ‘सुसंगत’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला आणि ‘भूमिका तपासावी’ हा कष्टाचा भाग मागे पडला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील डॉन शुल्ट्झ यांनी मात्र वेगळाच आग्रह धरला होता. कंपनीला काय सांगायचे आहे येथून सुरुवात करू नये. ग्राहक आज काय विकत घेतो, का घेतो, तो कोठे आणि कधी भेटतो हे आधी पाहावे, आणि माध्यम सर्वांत शेवटी ठरवावे, असे ते म्हणत.

तुमच्या टिपणासाठी मला याहून उपयोगी वाटते ती टॉम डंकन आणि सँड्रा मोरियार्टी यांनी १९९० च्या दशकात मांडलेली विभागणी. त्यांच्या मते ब्रँडकडून ग्राहकापर्यंत चार प्रकारचे संदेश पोहोचतात. पहिले नियोजित, म्हणजे जाहिराती, रील्स, ऑफर, प्रसिद्धिपत्रके. दुसरे खुद्द उत्पादनाचे : बाटलीचे झाकण गळते का, माप कळते का, किंमत काय आहे, वास धुतल्यानंतर उरतो का. तिसरे सेवेचे : तक्रार क्रमांकावर फोन केल्यास कोण काय बोलते. चौथे अनियोजित : शेजारणीचे मत, ऑनलाइन अभिप्राय, दुकानदाराने सहज केलेली शिफारस किंवा मुरडलेले नाक. यांपैकी पहिल्या प्रकारावर आपण जवळजवळ सगळा पैसा आणि सगळ्या बैठका खर्च करतो, आणि ग्राहक सर्वांत कमी विश्वास त्याच प्रकारावर ठेवतो.

हे मी अनुभवानेही शिकलो आहे. उमेदवारीच्या काळात एका कंपनीच्या नव्या पॅकच्या मोहिमेवर मी काम करत होतो. जाहिरातपट देखणा झाला होता आणि ठरल्या दिवशी तो सुरूही झाला. पण दुकानांत जुन्या पॅकचा साठा अजून संपायचा होता, आणि ग्राहकांचे फोन घेणाऱ्या मुलामुलींना तो जाहिरातपट कोणी दाखवलाच नव्हता. ‘टीव्हीवर दाखवता तो पॅक कोठे मिळेल?’ या प्रश्नाला ते प्रामाणिकपणे ‘असा कोणता पॅक नाही’ असे उत्तर देत होते. वितरण, विपणन आणि ग्राहकसेवा या तिन्ही विभागांनी आपापले काम चोख केले होते, असे नंतरच्या बैठकीत सिद्धही झाले.

आता तुमच्या ‘एकावर एक मोफत’कडे वळू. विक्रीवृद्धी योजना हा संवादाचाच भाग आहे, किंबहुना दुकानात तो सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारा भाग आहे, हे ज्या प्रसंगाने या व्यवसायाला कायमचे शिकवले, तो ब्रिटनमधील हूवर कंपनीचा आहे. ब्रिटनमध्ये या ब्रँडचे नाव इतके रुळले होते की व्हॅक्यूम क्लीनरने झाडण्याच्या क्रियेलाच लोक ते नाव देत. १९९२ च्या ऑगस्टमध्ये, गोदामांत साठलेला माल हलवण्यासाठी, १०० पौंडांहून अधिक खरेदी करणाऱ्यास युरोपच्या विमानप्रवासाची दोन परतीची तिकिटे मोफत देण्याची योजना कंपनीने जाहीर केली. ती चालते आहे असे पाहून काही महिन्यांत अमेरिकेची तिकिटेही देऊ केली. बहुतेक लोक कागदपत्रांच्या कटकटीला कंटाळून तिकिटे मागणारच नाहीत, असे कंपनीने गृहीत धरले होते. लोकांनी साधा हिशेब केला : दोन तिकिटांपेक्षा यंत्र कितीतरी स्वस्त आहे. ज्यांना व्हॅक्यूम क्लीनरची गरज नव्हती तेही तो घेऊ लागले आणि खोके न उघडता वर्तमानपत्रांतून विकायला काढू लागले. कंपनीला सुमारे ५ कोटी पौंडांचा भुर्दंड पडला, वरिष्ठ अधिकाऱ्यांना घरी जावे लागले, न्यायालयीन दावे अनेक वर्षे चालले आणि मेटॅग या अमेरिकी मालक कंपनीने १९९५ मध्ये हा युरोपीय व्यवसाय कँडी या इटालियन कंपनीला विकून टाकला.

ही गोष्ट सहसा आकडेमोडीच्या चुकीची म्हणून सांगितली जाते. मला ती तेवढीच वाटत नाही. समजा, आकडेमोड बरोबर ठरली असती आणि योजना फायद्यात गेली असती, तरी त्या महिन्यांत लोकांच्या मनात हूवर म्हणजे काय उरले असते? स्वच्छता नव्हे, टिकाऊपणा नव्हे, तर प्रवासाची तिकिटे. न वापरलेली यंत्रे विकायला निघाली, तेव्हा अनियोजित संदेश म्हणून सर्वत्र हेच छापून आले की हे यंत्र कोणालाच नको आहे. योजना आखणाऱ्यांपैकी एकानेही ‘ही ऑफर आमच्या यंत्राबद्दल काय सांगते?’ असा प्रश्न विचारला असता, तर योजना जाहीर होण्याआधीच काही शंका उभ्या राहिल्या असत्या. तुमची ऑफर इतकी धोकादायक नाही. ती हळूहळू पोखरणारी आहे. ती दर आठवड्याला सांगते की या बाटलीची खरी किंमत छापील किमतीच्या निम्मी आहे. ग्राहक ते एकदा शिकला की पूर्ण किमतीच्या महिन्यांत तो नुसता थांबून राहतो.

याच्या उलट उदाहरण स्निकर्स या चॉकलेट बारचे आहे आणि ते जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे. २०१० मध्ये मार्स कंपनीने सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात एक जाहिरात दाखवली. मैदानात ८८ वर्षांच्या अभिनेत्री बेटी व्हाइट धडपडत खेळत आहेत, चिखलात आपटत आहेत. त्यांनी स्निकर्सचा घास घेतला की त्या जागी मूळचा तरुण खेळाडू परत येतो. भूक लागली की तुम्ही तुम्ही राहत नाही, एवढीच कल्पना. ती पुढे अनेक देशांत, त्या त्या देशांतल्या कलाकारांना घेऊन वर्षानुवर्षे चालली. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये केटी प्राइस या मॉडेलच्या ट्विटर खात्यावर अचानक युरोपच्या अर्थसंकटाविषयी गंभीर मते दिसू लागली. लोक चक्रावले आणि शेवटच्या ट्विटमध्ये हातात स्निकर्स घेतलेले छायाचित्र आले. नंतर वेष्टनांवर ब्रँडच्या नावाच्या जागी चिडचिड, विसराळूपणा, आळस अशी भुकेची लक्षणे छापली गेली. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात कंपनीने समाजमाध्यमांवरील एकूण चिडचिडीचा अंदाज घेणारी एक संगणकीय प्रणाली चालवली. इंटरनेटवर राग वाढला की दुकानसाखळीत स्निकर्सची किंमत खाली येई.

हे शेवटचे उदाहरण तुमच्या विक्रीप्रमुखांना अवश्य दाखवा. ती सरळ सरळ किंमतसवलत होती. मात्र लोक भुकेने चिडले आहेत, म्हणून आम्ही त्यांना शांत करतो, हे तिचे कारण होते, आणि म्हणून सवलत मिळताना ग्राहकाला मूळ कल्पना पुन्हा एकदा आठवत होती. या चारही गोष्टी शेजारी ठेवल्या तर त्यांचे दृश्यरूप एकमेकांशी फारसे जुळत नाही. चित्रपटासारखी जाहिरात, ट्विट, वेष्टन आणि किंमत यांत एकसारखे असे काय असणार? तरीही त्या एकाच तोंडून निघाल्या आहेत हे लहान मुलालाही कळेल.

तुमच्या बाटलीला हे लावून पाहा. आवडते कपडे टिकवणे ही कल्पना खरोखर स्वीकारायची असेल, तर योजनेत दुसऱ्या बाटलीऐवजी नाजूक कपडे धुण्यासाठीची जाळीची पिशवी देता येईल का? मोसम बदलताना, जेव्हा लोक कपाटातून ठेवणीतले कपडे बाहेर काढतात, तेवढ्याच काळापुरती ऑफर ठेवता येईल का? डिजिटल एजन्सीला विनोद करायचाच आहे, तर कपड्याच्या आत शिवलेल्या त्या छोट्या पट्टीवर करू द्या. टब, त्रिकोण, चौकोनातले वर्तुळ अशा तिथल्या खुणा बहुतेकांना वाचता येत नाहीत, आणि पट्टी टोचते म्हणून कित्येक जण ती कापूनही टाकतात. त्यावर वर्षभर पुरेल एवढा मजकूर आहे, तो हसवू शकतो आणि प्रत्येक वेळी दाव्याकडेच परत येतो. डागांवरचे रील्स कितीही पाहिले गेले तरी ते तुमच्याइतकेच तुमच्या प्रतिस्पर्ध्यांचेही काम करतात, कारण डाग काढण्याचा दावा या धंद्यात सगळेच करतात.

येथे एक सावधगिरीची सूचना. सगळे एकाच वेळी बदलले म्हणजे एकात्मिकता साधली, असे समजणाऱ्यांनी ट्रॉपिकानाची गोष्ट लक्षात ठेवावी. २००९ च्या जानेवारीत या संत्र्याच्या रसाच्या ब्रँडने अमेरिकेत नवे वेष्टन, नवे झाकण आणि नवी जाहिरात मोहीम हे सगळे एकत्र आणले. ते आपापसांत उत्तम जुळतही होते. परंतु नव्या वेष्टनावरून, नळी खोचलेले संत्रे हे जुने चित्र काढून टाकले होते, आणि दुकानाच्या फळीवर ग्राहक ज्या खुणेने हा रस ओळखत असे ती नेमकी तीच होती. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि फेब्रुवारी संपण्यापूर्वी कंपनीला जुने वेष्टन परत आणण्याची घोषणा करावी लागली. तुमच्या बाटलीचा आकार, झाकणाचा रंग, वास यांपैकी लोक तिला कशावरून ओळखतात हे न तपासता ‘सर्वत्र एकच रंग’ लागू करू नका.

संदेश कोणाला द्यायचा, याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. वापरणारा आणि विकत घेणारा वेगळे असू शकतात. २०१० मध्ये ओल्ड स्पाइसने पुरुषांच्या बॉडी वॉशची जाहिरात स्त्रियांना उद्देशून केली, कारण घरातली ही खरेदी पुष्कळदा त्या करतात. त्याच वर्षी जुलैमध्ये जाहिरातीतील अभिनेत्याने लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या १८० हून अधिक छोट्या चित्रफिती अवघ्या काही दिवसांत तयार करून प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या भागाची वाहवा फार होते. पहिला निर्णय झाला नसता तर दुसरा भाग निव्वळ करमणूक ठरला असता. तुमच्याकडे डिटर्जंट निवडतो कोण, कपडे धुतो कोण आणि पैसे देतो कोण, याची उत्तरे तीन निघाली तर टिपणात तिन्ही लिहा.

डिजिटल एजन्सी तुम्हाला ओरिओचेही उदाहरण दाखवेलच, सगळ्याच दाखवतात. २०१३ च्या सुपर बोलमध्ये दिवे गेले आणि सामना ३४ मिनिटे थांबला, तेव्हा अंधारातही बिस्किट बुडवता येते अशा अर्थाचे ट्विट ओरिओने केले आणि ते गाजले. ते सुचले म्हणून घडले हे खरे, पण मंजुरी देणारी माणसे त्या वेळी एजन्सीच्या माणसांसोबत बसलेली होती आणि बिस्किट दुधात बुडवण्याची सवय या ब्रँडने अनेक वर्षांच्या जाहिरातींतून आधीच आपल्या नावावर करून घेतली होती. तुमच्याकडे एका रीलच्या मंजुरीला किती दिवस लागतात?

आता पैशांविषयी. पहिले काम बेरजेचे आहे. ‘एकावर एक मोफत’चा खर्च बहुधा विक्री विभागाच्या खात्यात किंवा महसुलातील वजावटीत दिसत असेल आणि तुमच्या जाहिरातीच्या अंदाजपत्रकात त्याचा मागमूसही नसेल. फुकट गेलेल्या बाटल्यांची किंमत, दुकानदारांना दिलेले पैसे, टीव्ही, डिजिटल, पॅकवरील छपाई हे सगळे एका पानावर आणा. ब्रँडविषयी ग्राहकाशी होणाऱ्या एकूण बोलण्यापैकी किती भाग सवलतीचा आहे, हे विभागप्रमुखांना त्या दिवशी प्रथमच दिसण्याची शक्यता आहे, आणि माझ्या अनुभवानुसार पुढची निम्मी चर्चा ते पानच करून टाकते.

वाटणी करताना माध्यमांपासून सुरुवात करू नका. टीव्हीला इतके आणि डिजिटलला तितके असे म्हटले की प्रत्येक एजन्सी आपला वाटा राखण्यासाठी भांडते. आधी कामे ठरवा. एक काम दूरचे : ज्यांना आज डिटर्जंट घ्यायचेच नाही त्यांच्याही मनात ब्रँड रुजवणे. दुसरे जवळचे : जे या आठवड्यात घेणार आहेत त्यांनी तुमची बाटली उचलणे. लेस बिनेट आणि पीटर फील्ड यांनी ब्रिटनमधील जाहिरात परिणामकारकतेच्या पुरस्कारांसाठी आलेल्या मोहिमांचा अभ्यास करून २०१३ मध्ये मांडले की सरासरीने सुमारे ६० टक्के खर्च पहिल्या प्रकारच्या आणि ४० टक्के दुसऱ्या प्रकारच्या कामावर केल्यास परिणाम सर्वांत चांगला दिसतो. हे प्रमाण डोळे झाकून उचलू नका. ती सरासरी आहे, ती वस्तूच्या प्रकारानुसार बदलते, आणि पुरस्काराला पाठवलेल्या मोहिमा मुळातच निवडक असतात. मात्र तुमच्या बेरजेत हे प्रमाण १५ आणि ८५ असे निघाले, तर वाद घालायला तेवढा आधार पुरेसा आहे.

मोजमापाचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विक्रीप्रमुख तो नक्की विचारतील, कारण त्यांच्याकडे ऑफरच्या आठवड्यांचे उंच आलेख असतात. डिटर्जंट घरात साठवता येते. दोन बाटल्या घरी नेलेला ग्राहक कपडे दुप्पट धूत नाही. तो पुढची खरेदी लांबवतो. म्हणून ऑफरच्या आठवड्यांसोबत नंतरच्या निदान तीन महिन्यांची विक्री पाहा आणि शक्य असल्यास सारख्याच स्वरूपाच्या दोन विभागांपैकी एकात ऑफर चालू ठेवून दुसऱ्यात ती बंद करून पाहा. डिजिटल एजन्सीच्या अहवालांनाही हाच न्याय लावा. शेवटचे क्लिक ज्या जाहिरातीवर झाले तिला विक्रीचे सगळे श्रेय देणे म्हणजे दार उघडणाऱ्याने पाहुण्याला आपणच बोलावले असे म्हणण्यासारखे आहे.

विक्री विभागाला आपल्या बाजूने कसे आणायचे, याचा एक जुना धडा इंटेलकडून मिळतो. संगणकाच्या आत दडलेली चिप ग्राहकाला दिसतही नाही. १९९१ पासून इंटेलने संगणक बनवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातखर्चातील काही वाटा उचलण्यास सुरुवात केली, आणि त्या बदल्यात जाहिरातीत व संगणकावर ‘इंटेल इनसाइड’चे चिन्ह लावण्याची अट घातली. दुसऱ्यांच्या जाहिराती इंटेलचे काम करू लागल्या, कारण संदेश पैशांच्या अटींत बांधलेला होता. तुम्ही घोषवाक्य स्टिकरवर छापण्याची विनंती केलीत. त्याऐवजी दुकानदारांना जो पैसा आजही जातोच आहे, त्याच्या अटींत मांडणीची जागा, फलकावरील मजकूर आणि ऑफरचा कालावधी लिहून घेता येतो का, हे विक्री विभागासोबत बसून पाहा.

राहिला तुमच्या अधिकाराचा प्रश्न. ब्रँड मॅनेजर हे पद ज्या कागदातून जन्मले असे मानतात, तो १३ मे १९३१ रोजी प्रॉक्टर अँड गॅम्बलमधील नील मॅकेलरॉय या तरुण अधिकाऱ्याने लिहिला होता. तो कॅमे या साबणाचे काम पाहत होता आणि त्याच कंपनीच्या आयव्हरी साबणाच्या सावलीत आपल्या साबणाकडे कोणी पाहत नाही, यामुळे त्रस्त होता. कंपनीत टिपण एका पानाचे असण्याचा दंडक होता. याचे तीन पानांचे झाले. त्यात अधिकाराची मागणी फारशी नाही, कामाची यादी आहे : प्रत्येक विभागात आपला माल किती जातो याचा बारकाईने अभ्यास करणे, जेथे तो चालत नाही तेथे का चालत नाही हे शोधणे, जाहिरातीच्या एकेका ओळीवर टीका करण्यापेक्षा संपूर्ण आराखड्याची जबाबदारी घेणे, वेष्टनात बदल सुचवणे, आणि वर्षातून अनेकदा विभागीय विक्री व्यवस्थापकांना भेटून आपल्या योजनांतील दोष त्यांच्याकडून ऐकणे. (पुढे हेच गृहस्थ कंपनीचे अध्यक्ष आणि १९५७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले, सर्वच ब्रँड मॅनेजरांचे असे होत नाही.) तुमच्या पत्रात एजन्सींचा उल्लेख अनेकदा आहे, पण तुम्ही एखाद्या विक्री प्रतिनिधीसोबत दिवसभर फिरलात किंवा तक्रार क्रमांकावरचे फोन ऐकलेत, असे कोठे दिसत नाही. सहापैकी पहिले दोन आठवडे त्यासाठी द्या. ज्या व्यक्तीला कोणत्या भागात माल का पडून आहे हे माहीत असते, तिचे पद विचारण्याच्या भानगडीत बैठकीत कोणी पडत नाही.

त्यानंतर टिपण लिहा आणि ते दोन पानांपेक्षा मोठे होऊ देऊ नका. संदेश कोणासाठी, त्याने आज काय मानले आहे आणि काय मानावे, त्याला ते का पटावे, प्रत्येक माध्यमाचे काम कोणते, कोणते काम त्या माध्यमाचे नाही, आणि काय पाहिले म्हणजे मोहीम चालली असे म्हणायचे, एवढेच त्यात असावे. ‘कोणते काम त्या माध्यमाचे नाही’ हा भाग लिहिताना सर्वांत जास्त वेळ लागेल. दोन्ही एजन्सींना वेगवेगळे ब्रीफ, म्हणजे कामाचे लेखी सूचनापत्र, देण्याची पद्धत बंद करा. एकच कागद, एकाच खोलीत, एकाच वेळी द्या आणि उत्तरही एकत्र सादर करायला सांगा. ते कुरकुरतील, कारण कल्पना कोणाची हा प्रश्न त्यांच्यासाठी बिलाचा असतो, म्हणून श्रेय आणि मोबदला यांची बोलणी विभागप्रमुखांनी आधीच करून ठेवलेली बरी. त्या खोलीत पॅकचे काम पाहणारी व्यक्ती, ग्राहकसेवेचे कोणीतरी आणि विक्रीप्रमुख हवेत. विक्रीप्रमुखांना त्या दिवशी वेळ नसेल, तर बैठकीची तारीख पुढे ढकला, पण त्यांच्याशिवाय ती घेऊ नका.